भोपळ्यातलं बी

एकदा एक तिशी उलटलेला शेतकरी गावातल्या एका वृद्ध गुरुजींकडे अक्षरं शिकायला येऊ लागला. गुरुजींना सारा गाव आबा म्हणे. ही गोष्ट घडली त्या दिवशी भाद्रपद वद्य नवमी होती. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, मधूनच अंगाला लागेल न लागेल अशी भुरभुर. आबांची रीत अशी, की रोज पाटीवर एक शब्द लिहायचा आणि शिष्याने तो आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूला लावून दाखवायचा. त्या दिवशीचा शब्द होता 'राखीव'.

शिष्याला फार विचार करावा लागला नाही. त्याने लिहिलं, 'माझ्या घरी भावाचं बी राखीव आहे.'

आबांनी वाचलं आणि विचारलं, "जिवंत आहे का?"

शिष्याची मान खाली गेली. "पत्र नाही, आबा. पण असेल. कुठंतरी असेलच."

"मी बियाण्याचं विचारलं," आबा हळूच म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी थोरला भाऊ कामधंद्यासाठी परमुलखात गेला होता. जाताना त्याने हुरड्याच्या गोड शाळूचं मूठभर बी एका वाळक्या भोपळ्यात भरलं, तोंड शेणमातीने लिंपलं आणि भोपळा धाकट्याच्या हाती दिला. "राखून ठेव. आलो की मीच पेरीन." तेव्हापासून तो चुलीवरच्या आढ्याला टांगलेला होता. शिष्य सकाळी उठला की आधी वर बघे, मग तोंड धुई. नऊ हिवाळ्यांत त्याने दुसऱ्या कुणाच्या रानातला हुरडाही तोंडात घातला नव्हता.

त्या जातीचं बी आता गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. आबांच्या शेजारच्या सगुणाकाकीने दोनदा ओंजळ पसरली. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला, "राखीव आहे." दुसऱ्या वेळी काकी म्हणाली, "राखीव कसलं रे, कैदेत घातलंयस त्याला. खुनी माणूससुद्धा एवढ्यात सुटून येतो."

आबा म्हणाले, "तो भोपळा घेऊन ये."

भरली घागर आणावी तसा त्याने तो दोन्ही हातांनी आणला. त्याला वाटलं, आबा नुसता पाहतील आणि परत देतील. आबांनी खुरपं घेतलं, टोकाने लिंपण फोडलं आणि परसातल्या वाफ्याकडे चालू लागले. ओल्या मातीत त्यांनी एक खळगा केला, त्यात चार दाणे टाकले. दुसऱ्या खळग्याकडे त्यांचा हात वळला, तेव्हा शिष्याने तो मनगटाशी धरला. गुरूच्या अंगाला त्याने असा हात कधी लावला नव्हता.

"ते दादाचं आहे, आबा. तो पेरणार आहे."

"कधी?"

शिष्याची पकड आणखी घट्ट झाली. आबांनी हात सोडवून घेतला नाही.

"आपण गुरं राखतो म्हणतो," ते म्हणाले. "गुराख्याने गुरं दाव्याला बांधली आणि घरी निजला, तर त्याला गुराखी म्हणशील का? तो ती रोज सोडतो, चारतो, पाणी दाखवतो आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात आणून पोचवतो. बियाण्याचंही तेच. दरसाल पेरावं, त्यातलं नवं बी काढावं, तेव्हा ते धन्याच्या हाती द्यायला शिल्लक राहतं. तू भोपळा राखलास. आत काय झालं असेल ते बघायचं तुला भय वाटलं. ते भय मला कळतं."

"आणि काहीच उगवलं नाही तर? तो आला आणि म्हणाला, माझं बी कुठाय, तर?"

"तर सांग, पेरलं होतं. न उघडलेला भोपळा त्याच्या हाती दिलास आणि त्याच्या रानात काही आलं नाही, तर मग काय सांगशील?"

शिष्याची बोटं सैल झाली. मग तो स्वतःच खाली बसला. कुंपणापलीकडून सगुणाकाकी म्हणाली, "सुटला वाटतं कैदी?" त्याने तिला आत बोलावलं आणि दुसरं खुरपं तिच्या हाती दिलं. अंधार पडायच्या आत तीनशे खळगे झाले, खळग्याला चार दाणे.

नवव्या दिवशी त्याने मोजून पाटीवर लिहिलं: दाणे बाराशे, कोंब एकवीस. माघात सतरा कणसं हाती आली. त्यांतला एकही दाणा हुरड्याला गेला नाही. पुढच्या भाद्रपदात त्या बियाण्याचे चार वाफे पेरले गेले. तीन त्याच्या रानात, एक सगुणाकाकीच्या परसात. भाऊ तोवर आला नव्हता.