काळ्या अंगरख्यावरचा चंद्र

एका राज्यात मेघावती नावाची राणी होती. ती न्यायाला बसे तशीच सुईदोरा घेऊनही बसे. तिने आपल्या लेकीसाठी, तारिणीसाठी, पांढऱ्या सुताचा अंगरखा शिवला. विषाण नावाच्या मांत्रिकाने तो मागितला. राणीने दिला नाही. तेव्हा त्याने रात्री गुपचूप येऊन तो मंतरलेल्या काळ्या रंगात बुडवला. आईने शिवलेला म्हणून तारिणीने तो तरीही घातला. अंगरखा अंगाला चिकटला आणि दिवसागणिक आवळू लागला.

मांत्रिक म्हणाला, “या काळ्यावर चंद्र उमटव, चंद्रात ससा, सशापुढे हिरवं गवत. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर येण्याआधी. नाहीतर लेक गुदमरेल.”

राणीने रंग कालवले. काळ्याने ते सगळे पिऊन टाकले.

खिडकीत काळाकुळकुळीत कोतवाल पक्षी बसला होता. “काळ्यावर रंग काय ओतता, राणीसाहेब? आधी काळं काढा.”

“कशानं?”

“रंगखाऊ झऱ्याच्या पाण्यानं. मी तिथे कधी अंघोळ केली नाही, बघा.”

राणी झऱ्यावर गेली. तिथली फुलपाखरं काचेसारखी पारदर्शक होती. तिने वाटीभर पाणी आणलं. मग तेल पाजलेल्या कागदाचा साचा कापला. गोल चंद्र कापला, तसा आतला ससा सुटून मांडीवर पडला.

“पळाला,” पक्षी म्हणाला.

दुसऱ्या कागदात राणीने ससा आणि कड यांच्यामध्ये दोन बारीक पट्ट्या राखल्या.

“त्या काळ्याच राहतील.”

“राहू देत. ढग आहेत म्हणू.”

साचा तारिणीच्या पाठीवर बसवून राणी पिळलेल्या बोळ्याने पाणी टिपू लागली. काळा तपकिरी झाला, तपकिरीचा तांबूस झाला. राणी पांढऱ्याची वाट पाहत राहिली. कापडाची वीण विरू लागली.

“आई, चटका बसतोय.”

“जरा थांब, बाळ. अजून पांढरा नाही झाला.”

“चंद्र पांढराच लागतो का गं?”

राणीचा हात थांबला. तिने घागरभर गार पाणी लेकीच्या पाठीवर ओतलं. कापड टिकलं, कातडीही टिकली. कापड सुकल्यावर दुसऱ्या साच्यातून तिने तांबूस जागेवर हिरवं गवत रंगवलं. तिथे काळं उरलं नव्हतं, रंग बसला.

पौर्णिमेच्या सायंकाळी मांत्रिक आला. “हा तांबडा गोळा आहे. चंद्र असा नसतो.”

“उगवताना पाहिला आहेस?” राणीने विचारलं.

मांत्रिकाने चंद्र उगवताना कधी पाहिला नव्हता. तो डोंगराच्या पोटात राही; गुहेच्या छतातल्या भोकातून त्याला फक्त माथ्यावरचा चंद्र दिसे.

तारिणी त्याला तटावर घेऊन गेली. पूर्वेला तांब्याच्या परातीसारखा चंद्र वर येत होता. त्याच्यावर ढगाच्या दोन रेघा होत्या. मांत्रिकाने चंद्राकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे.

“असाच असतो तर,” तो हळूच म्हणाला.

अंगरख्याचे बंद आपोआप सुटले. तारिणीने ऊर भरून श्वास घेतला. राणीने विचारलं, “आता काढतेस ना?”

“थंडी आहे,” लेक म्हणाली. “राहू दे अंगावर.”

तारिणीला जसा मोकळा श्वास मिळाला, तसा ऐकणाऱ्या सर्वांना मिळो.