बरणीतले शिष्य

“पण बुवा, ते माझ्याकडे येतात. एवढं तरी तुम्हाला मान्य आहे ना?”

अच्युतबुवांनी बरणीत पाहिलं. काचेची बरणी, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं, आत गढूळसर पाणी आणि पाण्यात हलणारे पांढरे ठिपके.

“हे कोण?”

“जीव आहेत,” टिपणीस मास्तर म्हणाले.

जीव आहेत याला बुवांची हरकत नव्हती.

मोरेश्वर टिपणीस हे तालुक्याच्या हायस्कुलाचे माजी मुख्याध्यापक. कोरटीच्या मठात ते बरीच वर्षं येत. नदीकाठी दोन खोल्या, एक गाभारा, एक ओसरी आणि ओसरीवर बहुधा डुलक्या घेत असलेले अच्युतबुवा, एवढाच तो मठ. बुवांनी फारसं काही वाचलेलं नव्हतं. मास्तरांनी सगळं वाचलेलं होतं, आणि ते बुवांच्या कानावर घालणं हे ते आपलं कर्तव्य समजत.

मास्तरांना आता एकच गोष्ट हवी होती. त्यांना शिष्य करायचे होते.

मठाची रीत अशी, की गादीवरच्या गुरूने होय म्हटल्याशिवाय कोणी कोणाला अनुग्रह द्यायचा नाही. मास्तरांचं अडलं होतं ते एवढ्याचसाठी. नोकरीभर त्यांनी अशा लोकांपुढे भाषण केलं होतं, ज्यांना घंटा होईपर्यंत उठता येत नसे. निवृत्तीनंतर तशी माणसं मिळेनात. घरी वत्सलाबाई होत्या, पण त्यांना कामं असत.

मागे एकदा फारच पाठीस लागल्यावर बुवा म्हणाले होते, “एखादा जीव आपणहून तुमच्याजवळ येऊन बसू दे. मग बघू.”

मास्तरांनी हे गृहपाठासारखं घेतलं.

आधी पोपट आणला. पोपटाने मास्तरांचं एकही वचन उचललं नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी मात्र हुबेहूब उचलली, आणि वत्सलाबाई दिवसभर गॅस बंद करायला धावू लागल्या. पोपट गेला. मग कुत्रा आणला. तो पहिल्या प्रवचनापर्यंत टिकला. हल्ली तो समोरच्या वाण्याकडे असतो आणि मास्तर दिसले की पोत्यामागे जातो.

मग पुण्याच्या पुतण्याने गंमत म्हणून एक पाकीट पाठवलं. पाकिटावर मुकुट घातलेलं, हसणारं, माकडासारख्या तोंडाचं एक जलचर कुटुंब छापलं होतं. आत चिमूटभर भुकटी. मिठाच्या पाण्यात टाका, जीव तयार होतील, असं पुतण्याने फोनवर सांगितलं.

मास्तरांनी भुकटी टाकली. तिसऱ्या प्रहरी पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाणी हलत होतं.

त्या दिवसापासून मास्तरांचा आवाज बदलला.

मुकुट कोणालाच नव्हता. वाढून वाढून ते तांदळाच्या कणीएवढे झाले. पण त्यांना असंख्य पाय होते, ते उताणे पोहत आणि सगळे पाय एका लयीत वर हलवत. मास्तरांच्या मते ते हात जोडत होते. मास्तर संध्याकाळी टेबलापाशी दिवा लावून पोथी घेऊन बसले, की सगळेच्या सगळे बरणीच्या त्याच बाजूला गोळा होत आणि वाचन संपेपर्यंत हलत नसत.

वत्सलाबाईंनी हे पाहिलं, आणि बरणीतून वाट कुठे आहे उठून जायला, एवढंच म्हणाल्या.

बायकोचं मत बाजूला ठेवून मास्तरांनी बरणी टॉवेलात गुंडाळली आणि एस.टी.ने कोरटीला आणली. वाटेत कंडक्टरने लोणचं कसलं म्हणून विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही.

आता दिवेलागण झाली होती. मास्तरांनी बरणी ओसरीवर ठेवली, एका अंगाला स्वतः पद्मासनात बसले आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या अंगाला बुवा होते. बुवांशेजारी समई होती.

थोडा वेळ गेला...

“मास्तर,” बुवा म्हणाले, “उघडा डोळे.”

सगळी मंडळी बुवांच्या बाजूला गोळा झाली होती.

मास्तर क्षणभरच गडबडले. मग त्यांनी हात जोडले. थोर अधिकार कुठे आहे हे मुक्या जीवांनाही कळतं, आणि आपण त्यांना तेवढी समज दिली याचंच आपल्याला समाधान आहे, असं ते पुष्कळ शब्दांत बोलले.

बुवांनी समई उचलली. पायरीपाशी लोकांच्या चपला काढायची जागा होती, तिथे नेऊन ठेवली. मग बरणीही तिच्याशेजारी ठेवली आणि परत येऊन बसले.

मंडळी वळली. सगळ्यांनी चपलांच्या दिशेला तोंडं केली आणि भक्तिभावाने पाय हलवायला सुरुवात केली.

“चपलांचाही अधिकार आहे म्हणायचा,” बुवा म्हणाले.

मास्तरांनी वाद सोडला नाही. दिवा हे निमित्त आहे, दिव्यापाशी बसणारा कोण हे महत्त्वाचं, असा एक मुद्दा त्यांनी काढला. शिवाय हे जीव आपण निर्माण केले, रोज बोटाने भरवले, त्यांच्याशी आपलं काहीच नातं नाही असं कसं म्हणता येईल, हा दुसरा. बोलता बोलता ते उठले आणि बरणी चपलांपासून वीतभर दूर सरकवून आले.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. या खेपेला जरा वेळ पाहिलं.

“राहा इथे,” ते म्हणाले. “गुरुवारी सांगतो.”

गुरुवारी मठात आसपासच्या गावांची माणसं येत. आरती होई, मग ओळीने हात पुढे करून सगळे तीर्थ घेत, खिचडी खात आणि घरी जात. गुरुवारी सांगतो याचा अर्थ चारचौघांत सांगतो, आणि चारचौघांत बुवा नाही म्हणणार नाहीत, असा मास्तरांनी लावला. बुधवारी संध्याकाळी ते तयारीला लागले.

बरणी त्यांना खटकू लागली. गाभाऱ्यात सगळी भांडी तांब्यापितळेची, आणि आपले शिष्य मात्र गढूळ पाण्यात, भोकं पाडलेल्या झाकणाखाली. लोक काय म्हणतील. मास्तरांनी अंघोळ केली, गाभाऱ्यातलं मोठं तांब्याचं पातेलं चिंचेने घासून लखलखीत केलं, विहिरीचं ताजं गोड पाणी गाळून भरलं, वर तुळशीची पानं सोडली. मग बरणीतली मंडळी पातळ फडक्यातून गाळून अलगद त्यात सोडली. रिकामी बरणी विहिरीच्या कठड्यावर पालथीही न घालता तशीच ठेवून दिली.

तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं, हे मास्तरांना ठाऊक होतं. कोणाच्या प्रकृतीला, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

गुरुवारी सकाळी कोणी हलत नव्हतं.

मास्तरांनी पातेल्यात बोट फिरवलं. पाण्याबरोबर सगळे फिरले, आणि पाणी थांबल्यावर तेही थांबले.

तोवर ओसरीवर माणसं जमू लागली होती. बुवा गाभाऱ्याच्या दारात आले.

“काय झालं?”

मास्तर पातेल्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “समाधी लागली आहे.”

“सगळ्यांना?”

“...सगळ्यांना.”

“एकदम?”

बुवा आरतीला वळले.

मात्र दारापाशी बसलेल्या दोघांचौघांनी समाधी हा शब्द ऐकला होता. आरती संपेपर्यंत तो ओसरीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. मास्तरांच्या पातेल्यात जीव आहेत आणि त्यांनी आज पहाटे समाधी घेतली, एवढं कळल्यावर लोकांना आणखी काही कळून घ्यायची गरज नव्हती. आरती झाली तशी ओळ लागली. दर गुरुवारी ती बुवांपुढे लागत असे. आज ती मास्तरांपुढे लागली.

मास्तरांनी ओळीकडे पाहिलं. दारातून बाहेर पायरीपर्यंत आणि पायरीवरून अंगणापर्यंत माणसं होती, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या माणसांनी त्यांच्याकडे शाळेतही असं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले.

ओळीत सगळ्यांत पुढे शेवंताबाई म्हणून एक म्हातारी होती. तिने तळवा पुढे केला.

“पळीभर घाला मास्तर. गुडघा लई धरतोय.”

मास्तरांनी पळी पातेल्यात बुडवली. वर आली ती पाणी घेऊन, आणि पाण्यात दोन पांढरे ठिपके.

पळी तळव्यावर आली. थांबली.

“घाला की,” म्हातारी म्हणाली. “हात दुखतोय.”

“हे तीर्थ नाही,” मास्तर म्हणाले.

“मग काय आहे?”

ओळीतली माणसं पुढे वाकली...

“मेलेत ते,” मास्तर म्हणाले. “समाधी नाही, काही नाही. मी मारले. खाऱ्या पाण्यातले होते. माझ्या ध्यानात राहिलं नाही... माझंच लक्ष नव्हतं त्यांच्याकडे.”

पुढे त्यांना काही सुचेना. टिपणीस मास्तरांना पुढचं वाक्य न सुचण्याची ही त्या तालुक्यातली पहिलीच वेळ असावी.

म्हातारीने तळवा मागे घेतला. पळीत वाकून पाहिलं.

“ल्हान होती हो,” ती म्हणाली, आणि खिचडीच्या बाजूला गेली.

हळूहळू सगळी ओळ तिच्यामागे गेली. कोणी हसलं नाही. हसले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

बुवांनी नंतर पातेलं नदीत मोकळं करून यायला सांगितलं. मास्तर एकटे गेले आणि बऱ्याच वेळाने आले. काठावर त्यांनी काही म्हटलं का, कोणाला ठाऊक नाही. परत आल्यावर त्यांनी पातेलं घासलं आणि जागेवर ठेवलं. गुरुवारी काय सांगणार होतात, हे बुवांना विचारलं नाही.

ते घरीही गेले नाहीत. घरी गेलं की वत्सलाबाई बरणी कुठे आहे म्हणून विचारणार होत्या. मठात ते सकाळी अंगण झाडत, पाणी ओढत आणि जेवणाच्या वेळी भाजी चिरत. बोलत नसत. पहिल्या दिवशी बुवांना हे बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी आश्चर्य वाटलं, पुढे सवय झाली. ओसरीवरच्या डुलक्या लांबल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मास्तर बुवांच्या खोलीत केर काढायला गेले. खिडकीत बरणी होती. काठोकाठ पाणी भरलेली.

मास्तरांनी झाडू भिंतीला टेकवला. जवळ गेले. पाण्यात धुळीएवढं काहीतरी होतं. धूळ खाली बसते. ही वर चढत होती, उन्हाच्या दिशेने, धडपडत.

ते बाहेर आले आणि बुवांसमोर बसले.

“बुवा... ते परत आलेत.”

“कोण?”

“तेच. बरणीतले. तुमच्या खिडकीत.” मास्तरांचा आवाज चिरकला. “मी मारले, आणि तुम्ही... काय केलंत तुम्ही? मला सांगा. काय म्हटलंत त्यांच्यावर?”

बुवांनी आठवून पाहिलं. आठवायला वेळ लागला.

“लिंबाचं लोणचं घालायचं होतं,” ते म्हणाले. “कठड्यावर बरणी दिसली. पार सुकलेली. बुडाला मीठ घट्ट धरलं होतं, त्यात भुकटीसारखं काहीतरी, म्हणून पाणी ओतून ठेवलं. सुटलं की घासू म्हटलं...”

“मग?”

“मग विसरलो.”

बुवा उठले. दोघेही खोलीत गेले. मास्तर खिडकीपाशी वाकले, आणि त्यांची सावली बरणीवर पडली. वर चढणारे ठिपके जागच्या जागी घोटाळले. काही खाली गेले, काही उगाच गिरक्या घेऊ लागले.

मास्तरांनी ते पाहिलं. ते बाजूला झाले.

ऊन पुन्हा पाण्यात शिरलं. ठिपके वर निघाले.

मास्तर भिंतीला अंग चोरून उभे होते. बरणीला आपला धक्काही लागू नये इतके लांब. बुवा त्यांच्याकडे पाहत होते, बरणीकडे नाही.

“आता लोणचं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“दुसरी बरणी बघू.”

बाहेर कोणीतरी विहिरीवर पोहरा सोडला. त्याचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मग पाण्याला लागला.

मास्तरांचा आवाज निघाला तो इतका खालचा होता, की तो त्यांचा आहे असं शाळेतलं कोणी म्हटलं नसतं.

“बुवा... मी शिष्य करू?”

“करा,” बुवा म्हणाले. “फक्त त्यांना सांगू नका.”