गोजराबाईचं झुडूप

धुक्यात बुडालेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी गोजराबाई नावाची एक बाई राहत होती. तिला कचऱ्याचा भारी राग! अंगणात पान पडायचीच खोटी, की ही खराटा घेऊन हजर. तिच्या अंगणाचं गावभर कौतुक होई आणि ते तिला आवडेही.

तिची आई वर रानाच्या कडेला राहायची. आईच्या दारात अझेलियाचं रानझुडूप होतं. थंडीत त्याची सगळी पानं झडत, आणि नवी पालवी फुटायच्या आत ते केशरी फुलांनी भरून जाई. आई वारली, तेव्हा गोजराबाईनं त्याचा एक फुटवा मुळांसकट आणला आणि अंगणात मधोमध, भर उन्हात लावला. ती रोज बुंध्याभोवती खुरपी, राख घाली, सणाला भोवती चुना ओती. तरी पानं अवेळीच पिवळी पडली आणि थंडीत नुसत्या काड्या उरल्या. आई पुन्हा एकदा गेली, असं वाटून ती ढसाढसा रडली.

थोरला भाऊ तुळाजी भेटायला आला. त्यानं काडीवर नख ओढलं. आत हिरवं होतं.

"मेलं नाही, झोपलंय," तो म्हणाला. "पण गोजरे, याला आंबट माती लागते. चुन्यानं, राखेनं ते खंगतं. मुळं वरच्यावर असतात, ती तू खुरप्यानं तोडतेस. अंगणाच्या कडेला फणस आहे, त्याच्या सावलीत ने आणि पडतील ती पानं झुडपाच्या पायाशी कुजू दे."

"अंगणात पाचोळा ठेवू? लोक काय म्हणतील, दादा?"

"आई त्याच्याखाली कधी झाडायची का?"

गोजराबाईला आईचं दार आठवलं. आई कधीच झाडत नसे.

दोघांनी मिळून झुडूप हलवलं, रानातली कुजकी पानं घातली. गावातल्या बायका हसू लागल्या, गोजराबाईला आता झाडणं होत नाही म्हणाल्या. तिचे हात शिवशिवत, पण ती उंबऱ्यावर नुसती बसून राही. सकाळच्या धुक्यात डोळा लागे, आणि पाचोळ्यावरून आई हळूच चालत आल्यासारखी वाटे.

अशाच एका सकाळी तिनं डोळे उघडले, तर उघड्या काड्यांवर केशरी फुलं उमलली होती. गोजराबाईला हसावं की रडावं कळेना.

शेजारीण बघायला आली. म्हणाली, "फुलं झकास गं, पण खालचा कचरा काढ. शोभा येईल."

"कचरा नव्हे, बाई," गोजराबाई म्हणाली. "त्याचं ताट आहे ते. जेवत्याचं ताट कुणी ओढतं का?"

तात्पर्य: माया आपल्या हौसेनं करू नये, ज्याच्यावर करायची, त्याला काय मानवतं ते आधी पाहावं.