वरच्या आळीची रेंज

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंना मोठ्या प्रेमाने एक मोबाइल भेट दिला, आणि त्या भेटीमुळे एका जुन्या मैत्रीचे दार बंद झाले. ते पुन्हा कसे उघडले, ते सांगतो.

शिष्याचे नाव प्रल्हाद. तालुक्याच्या बाजारपेठेत त्याचे मोबाइलचे दुकान होते. कोणत्या कंपनीचे सिम कोणत्या वाडीत चालते, कोणत्या फोनची बॅटरी वर्षभरात मान टाकते, हे त्याला तोंडपाठ होते. दुकानात दिवसभर तोच वाद चाललेला असे. एकाला कॅमेरा हवा, दुसऱ्याला आवाज मोठा हवा, तिसऱ्याचा फोन बोलता बोलता कान भाजतो. कालपर्यंत एका कंपनीची स्तुती करणारा माणूस आज तिला शिव्या देत दुसरीकडे जाई आणि काही दिवसांनी ओशाळ्या चेहऱ्याने परत येई. प्रल्हाद कुणाशी वाद घालत नसे. संध्याकाळी शटर ओढले की तो मोटारसायकलने गाव गाठी आणि दिगंबरबुवांसमोर पखवाज घेऊन बसे. दिवसभर कानात साचलेल्या रिंगटोन तिथे धुऊन निघत.

बुवा पखवाजातले जाणकार. शिष्याला ते बोल कमी शिकवत आणि थांबायला अधिक शिकवत. "हात पडतो तो वाजवणाऱ्याचा, उचलून धरलेला असतो तो शहाण्याचा," असे म्हणत. पत्नी जाऊन पुष्कळ वर्षे झालेली, मुलगी उज्ज्वला नाशिकला. घरात बुवा एकटेच.

त्यांच्या घराची अडचण अशी की ते खालच्या आळीत, ओढ्याच्या काठाला होते आणि त्यांच्या फोनला तिथे रेंज नसे. गाव उतारावर वसलेले. वरच्या आळीत भिकाजी खैरमोडे यांचे घर होते. त्यांना सारा गाव अप्पा म्हणे. अप्पांच्या अंगणात मात्र बुवांच्या कंपनीची रेंज भरपूर येई. म्हणून रोज ऊन कलले की बुवा फोन खिशात टाकत, हातात काठी घेत आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ती चढण चढून जात. तिथून मुलीशी बोलत आणि दिवेलागणीला खाली येत. मग प्रल्हादाची शिकवणी सुरू होई.

प्रल्हादाला हे बघवत नसे. "बुवा, कंपनी बदलून देतो. नंबर तोच राहील. घरात बसून बोलता येईल," असे त्याने कितीदा तरी सांगितले. बुवा दर वेळी "बघू" म्हणत आणि पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावू लागत.

एक दिवस उज्ज्वलाचा फोन दुकानात आला. "प्रल्हाददादा, बाबांना सकाळपासून लावतेय, लागतच नाही. घरी रेंज नसते हे ठाऊक आहे, तरी जीव थाऱ्यावर नाही माझा. बघून येता का जरा?"

प्रल्हाद गिऱ्हाइके सोडून धावला. बुवा ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांना काहीच झाले नव्हते. पण परत येताना प्रल्हादाने ठरवून टाकले, आता विचारायचे नाही.

पाडव्याला तो नवा कोरा फोन घेऊन बुवांकडे गेला. पडदा मोठा, अक्षरे मोठी, आवाज खणखणीत. खालच्या आळीत जी कंपनी चांगली चालते, तिच्याकडे नंबर वळवण्याची तयारीही तो करूनच आला होता. बुवांनी फोन हातात घेतला. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिथे इतका आनंद होता की नंबर वळवण्यासाठी प्रल्हादाने पुढे केलेल्या ठशाच्या यंत्रावर त्यांनी निमूटपणे अंगठा ठेवला.

"आवडला ना बुवा?"

"तू आणलास, मग आवडणारच."

थोड्याच दिवसांत नवी कंपनी सुरू झाली. बुवांच्या ओसरीवर पहिला फोन वाजला तो उज्ज्वलाचा. बाप-लेक पोटभर बोलले. तिने मग प्रल्हादाला फोन करून आभार मानले, तेव्हा त्याला काहीतरी चांगले केल्याचे समाधान वाटले.

पुढे एकदा बाजारपेठ बंद असल्याने प्रल्हाद दुपारीच गावात आला. बुवांचे दार नुसते लोटलेले होते. त्याने वर पाहिले, तर बुवा काठी टेकत अप्पांच्या घराकडे चढत होते. हातात नवा फोन.

प्रल्हादाने लगेच तर्क केला. फोन बिघडला असणार. आपण दिलेला फोन बिघडला आणि बुवा संकोचाने बोलले नाहीत. तो तसाच मागोमाग चढला.

अंगणाच्या फाटकाशी पोचला, तेव्हा अप्पा आतून खुर्ची आणत होते. अप्पा पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आवाज गोड, देवळात भजनाला अप्पा गायचे आणि बुवा साथीला असायचे. गेल्या वर्षी अप्पांच्या पत्नी शेवंताकाकू गेल्या आणि अप्पांचे गाणे थांबले. भजनाला येणे थांबले, पारावर बसणेही थांबले. कुणी भेटायला गेले तर खिडकीतूनच "बरं चाललंय" म्हणत आणि खिडकी लावून घेत. हे प्रल्हादाने ऐकले होते. त्यामुळे अप्पांना खुर्चीवरची धूळ पंच्याने झटकताना पाहून त्याला थोडे नवल वाटले.

बुवा फोन उंच धरून अंगणात इकडून तिकडे फिरत होते. "आली बघ. इथं येते. खाली नाव नाही."

"तुझ्या कंपनीला नाव नाहीच," अप्पा म्हणाले. "किती दिवस सांगतोय, माझी घे. डोंगरात जा, दरीत जा, बोलणं तुटायचं नाही."

"तुझ्या कंपनीवर बोललं की माणूस रांजणात बसून बोलतोय असं वाटतं."

"रांजणात बसून का होईना, बोलतो तर. आणि हा एवढा पाट कशाला घेतलास? पोळ्या लाटायच्यात यावर? माझा बघ, खिशात मावतो, दोन दिवस चार्जिंग बघावं लागत नाही."

"दोन दिवस तुला कुणी फोन करत नाही म्हणून."

अप्पा हसले. आवाज न करता, फक्त खांदे हलवून. मग म्हणाले, "बैस. उज्ज्वलाशी बोलून घे. मी कॉफी टाकतो. साखर आहे का संपली बघतो."

एवढ्यात प्रल्हाद पुढे झाला. त्याने बुवांच्या हातातून फोन घेतला, सेटिंग उघडून पाहिले, सिम तपासले. त्याला हायसे वाटले आणि त्या भरात तो बोलून गेला, "बुवा, फोनला काही झालेलं नाही. खाली घरी तर याची रेंज इथल्यापेक्षाही चांगली येते. काल रात्रीच उज्ज्वलाताई म्हणाल्या, तासभर बोलणं झालं म्हणून."

अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होते. ते वळले.

"घरी येते रेंज?" त्यांनी बुवांना विचारले.

बुवांनी हळूच मान हलवली.

"कधीपासून?"

"पाडव्यानंतर," बुवा म्हणाले.

"म्हणजे तू माझी विचारपूस करायला येत होतास." अप्पांचा आवाज अगदी खाली गेला. "सांगायचं होतंस. मीही बरं चाललंय म्हणालो असतो."

त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि दार लावून घेतले. कडी सरकल्याचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला.

दोघे उतरू लागले. बुवा नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. अर्ध्या वाटेवर एक सपाट दगड होता, त्यावर ते टेकले.

"माझं चुकलं," प्रल्हाद म्हणाला. "पण बुवा, मला खरंच कळत नाही. तुम्ही एवढे दिवस माझं ऐकलं नाहीत. घरी रेंज आली तरी गुडघे दुखवत वर चढलात. हे कशासाठी?"

बुवांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"काकू गेल्यावर सगळा गाव अप्पाकडे गेला," ते म्हणाले. "कुणी धीर द्यायला, कुणी डबा द्यायला, कुणी उपदेश द्यायला. मीही गेलो होतो. सगळ्यांचे हात भरलेले. पण अप्पा जन्मभर देणारा माणूस. कुणाचा टेलिफोन मुका झाला की हा भर पावसात खांबावर चढायचा. लोक याची वाट बघायचे. आणि आता जो तो याला काहीतरी द्यायला येतो. अशा माणसाला घेऊन घेऊन किती घेता येणार? एका दिवसात तो म्हातारा झाला रे. मग त्यानं दार लावलं, तर नवल काय? त्याच्याजवळ मागावं असं मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. फक्त माझ्या घरी रेंज नव्हती. ती मी मागितली. पहिल्या दिवशी त्यानं नुसतं फाटक उघडलं. मग खुर्ची आणली. मग कॉफी आली. तू मला चांगला फोन दिलास, बाबा. पण त्यात माझी गरज गेली आणि त्या गरजेच्या वाटेनंच मी त्याच्याकडे जात होतो."

प्रल्हादाने वाटेवरचा एक खडा पायाने बाजूला सारला. मग म्हणाला, "पण पाडव्यानंतर ते खोटंच होतं ना बुवा?"

"होतं," बुवांनी कबूल केले. "माझ्या आळसाचं खोटं. दुसरं खरं कारण शोधायला हवं होतं. त्याच्याकडे मागण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला सोपं पडलं ते धरून बसलो. तू फक्त मध्ये आलास."

"मी उद्या जाऊन त्यांची माफी मागतो."

"नको. माफी घेऊन जाशील, म्हणजे पुन्हा तू देणारा आणि तो घेणारा. थांब जरा."

पण थांबणे सोपे नव्हते. बुवा आता वर जात नसत. ऊन कलले की ओसरीवर येऊन बसत, मुलीशी दोन शब्द बोलत आणि फोन ठेवून देत. फोनची घंटी स्वच्छ वाजे, आवाज खणखणीत येई आणि त्या सगळ्या सोयीत बुवा थोडे उदास दिसत. प्रल्हादाचे हातही पखवाजावर नीट पडेनात. दुकानात कुणी "चांगल्या रेंजचं सिम द्या" म्हटले की त्याला अप्पांच्या दाराची कडी ऐकू येई. बुवांनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जेवून जा आज. शेवग्याची आमटी केलीय." प्रल्हाद जेवला, पण दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी शिकवणी नुकतीच सुरू झाली होती, तोच ओसरीखाली चपला काढल्याचा आवाज आला. अप्पा उभे होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात स्वतःचा फोन. ते बुवांकडे न पाहता प्रल्हादाला म्हणाले, "तू आहेस ते बरं झालं. बघ रे हा. सकाळपासून बंद पडल्यासारखा झालाय. ना येतोय, ना जातोय. आमच्या कंपनीचं असं कधी होत नाही."

प्रल्हादाने फोन घेतला. पडदा उजळला तसे वरच्या कोपऱ्यात विमानाचे बारीक चिन्ह दिसले. ते चिन्ह असले की फोन कंपनीशी सगळा संबंध सोडून देतो. चुकून बोट लागून तसे होऊ शकते. पण चाळीसएक गावांच्या तारा ज्याने जोडल्या, त्या माणसाला ते दिवसभर दिसले नसेल, असे प्रल्हादाला वाटले नाही. बोटाच्या एका स्पर्शाने फोन सुरू झाला असता.

त्याने वर पाहिले. अप्पांची नजर भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे लागली होती. बुवा पखवाजाची वादी ओढत होते; ती मुळीच सैल नव्हती.

प्रल्हादाचे बोट पडद्यावर गेले होते. ते त्याने उचलून धरले.

"अप्पा, याला वेळ लागेल," तो म्हणाला. "आतून तपासावा लागेल सावकाश. तुम्ही बसा."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. कदाचित उद्याही यावं लागेल."

"मग काय, बसायलाच हवं," अप्पा म्हणाले आणि खांबाला टेकून बसले. बुवांनी वादी सोडली. मग बुवा म्हणाले, "अप्पा, हा डाव्या हाताला घाई करतो. माझं ऐकत नाही. तू जरा एखादी ओळ धर, म्हणजे याला लय कळेल. मला आता गाता येत नाही."

अप्पांनी घसा साफ केला. "माझा आवाज गेलाय रे."

"गेलेला चालेल."

प्रल्हादाने फोन हळूच बाजूला ठेवला आणि पखवाज पुढे ओढला. अप्पांनी डोळे मिटले. पहिला सूर चिरका निघाला, दुसरा थरथरला. मग आवाज आपली जुनी जागा शोधत हळूहळू वर आला. बुवा मान खाली घालून ऐकत होते. त्यांच्या गालावरून काय ओघळले, ते प्रल्हादाने पाहिले नाही असे दाखवले आणि समेची वाट पाहत हात थांबवून धरला.