पापणी नसलेले गिऱ्हाईक

एका गावात त्र्यंबकराव नावाचे एक छायाचित्रकार राहत असत. हात कसबी, पण जीभ तिखट. फ्लॅश चमकताच समोरच्याने डोळे मिटले, की त्यांचा पारा चढे. "डोळे आहेत की दुकानाचे शटर? सारखे काय पाडता!" असे ते नवरदेवालाही सुनावीत.

एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी छायाचित्रांचे प्रदर्शन भरणार होते. तेथे आपले एक तरी चित्र झळकावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा.

मागच्या आळीत मथुताई या निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. त्यांच्या काचेच्या टाकीत पोवळी नावाची एक सोनेरी मासोळी होती. बाईंनी काचेला बोट लावले, की ती लगबगीने येऊन तेथे तोंड टेकवी. त्या घरात बाईंच्या हाकेला ओ देणारे एवढेच कोणी होते.

प्रदर्शनासाठी पोवळीचे छायाचित्र काढायला त्र्यंबकराव कॅमेरा घेऊन बाईंकडे आले.

"काढा हो, पण जरा जपून. लाजरी आहे ती," असे सांगून बाई चहा टाकायला आत गेल्या.

त्र्यंबकरावांनी कॅमेरा काचेवर रोखला आणि फ्लॅशचा धडाका लावला. पोवळी सैरावैरा धावली, काचेवर आपटली. त्यांना तो नाच वाटला.

बाई कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा त्र्यंबकराव खुशीत होते. "मथुताई, असे शहाणे गिऱ्हाईक जन्मात मिळाले नव्हते! एवढे फ्लॅश मारले, पण पापणी म्हणून लवली नाही!"

बाईंनी टाकीकडे पाहिले. पोवळी दगडाआड अंग चोरून बसली होती.

"लवणार कशी, त्र्यंबकराव? तिला पापण्याच नाहीत. तुमची माणसे निदान डोळे मिटून घेतात. हिने काय करावे?"

बाईंनी काचेला बोट लावले. पोवळी आली नाही.

घरी जाऊन त्र्यंबकरावांनी छायाचित्रे पाहिली. प्रत्येकात काचेवर एक पांढरा लोळ होता, आणि त्यामागे कॅमेरा रोखून उभे असलेले ते स्वतः. मासोळी कोठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाईंच्या दारात उभे राहिले. "खाल्ले का तिने काही?"

"नाही."

मग ते रोज येऊ लागले. खिडकीजवळ मुकाट्याने बसत, दगडाकडे पाहत आणि उठून जात. प्रदर्शन भरले आणि संपलेही. त्यांना त्याची आठवण राहिली नाही.

एके सकाळी बाईंनी सवयीने बोट टेकवले, आणि दगडाआडून पोवळी हळूहळू पुढे आली. कोवळ्या उन्हात तिचे अंग झळकत होते.

"अहो, काढा ना आता!" बाई कुजबुजल्या.

त्र्यंबकरावांनी मान हलवली. "आज राहू द्या. तिला आधी जेवू द्या."

त्याच दुपारी एक आजोबा त्यांच्या दुकानात फोटोसाठी आले. फ्लॅश चमकला, आजोबांचे डोळे मिटले. ते घाबरून म्हणाले, "चुकलो, साहेब. पुन्हा नाही मिटणार."

"मिटा, आजोबा, खुशाल मिटा," असे म्हणत त्र्यंबकरावांनी फ्लॅश काढून ठेवला आणि खुर्ची उचलून उजेडाच्या दाराशी नेली. "बरे वाटले की उघडा. मी थांबतो."

तात्पर्य: ज्याला तक्रार करता येत नाही, त्याला त्रासच होत नाही असे समजू नये, त्याच्या वाटची काळजी आपणच घ्यावी.