पाठचा

"पण काका, पाठ झाली का हो माझी?"

आनंदराव शेलारांनी पुन्हा तेच विचारलं.

बहमनकाका बूट घालत होते. "प्रार्थना म्हणतोस? ती तर तुझी केव्हाचीच पाठ आहे. पुस्तक न उघडता म्हटलीस. बघितलं सगळ्यांनी."

"चेष्टा नको हो. बाहेर येताना पायरीवर अडखळलो, तेव्हा अंग वळलं. समाधीला पाठ झाली असली तर..."

काका नाडी बांधत राहिले.

अक्का शहराबाहेरची ही बहजीची बाग. इथं बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांची समाधी आहे. जगभरचे बहाई तिच्याकडे तोंड करून प्रार्थना करतात. दर्शन झालं की उंबरठ्यापासून मागं मागं पावलं टाकत बाहेर यायचं, समाधीला पाठ दाखवायची नाही. सक्ती नाही कुणाची, नुसती रीत. पण आनंदराव रीतीचे भलतेच कडक. यात्रेचा नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि ऐन वेळी एका पायरीनं घात केला! माणूस अगदी रडकुंडीला आला होता.

काका पाचगणीचे इराणी, जन्म तिथलाच. आनंदरावांना या धर्माची वाट त्यांनीच दाखवली. गुरुजी म्हटलं की मात्र चिडायचे. "आमच्यात गुरू नसतो रे बाबा. चूक झाली तर माझ्या गळ्यात नको घालूस."

दोघं खडीच्या वाटेनं फाटकाकडे निघाले. पायांखाली खडी करकरत होती.

फाटकाजवळ सरूच्या झाडाच्या सावलीत सर्जेराव उभे होते, आनंदरावांचे थोरले भाऊ. हातात पाण्याची बाटली.

आनंदराव थबकले.

आई गेली तेव्हा तिची इच्छा होती, मला बहाई रीतीनं मातीत ठेवा. आनंदराव पुण्याहून गावी पोचायच्या आत भावकी गोळा झाली. सर्जेरावांनी खूप सांगून पाहिलं, शेवटी भावकीपुढं मान तुकवली. आईला अग्नी दिला. त्या दिवसापासून आनंदराव त्यांच्याशी बोलले नव्हते. सर्जेरावही बहाईच; यात्रेला दोघांची नावं एकाच तुकडीत आली, तरी विमानात सारा वेळ आनंदरावांचं तोंड खिडकीकडेच.

"आनंदा, पाणी घे," सर्जेराव म्हणाले. "ऊन फार आहे."

आनंदरावांच्या घशाला कोरड पडली होती. पण ते वळले आणि बागेतली झाडं बघत उभे राहिले.

...

बाटली काकांनी घेतली. घोटभर पाणी प्याले.

"हा तुमचा कोण लागतो?" काकांनी विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

"हा?" सर्जेराव हसल्यासारखं हसले. डोळे मात्र भरले होते. "माझ्या पाठचा."

काकांनी बाटली परत दिली. सर्जेरावांना हात जोडले. मग त्यांच्याकडे तोंड ठेवूनच ते मागं मागं पावलं टाकू लागले. म्हातारा माणूस, खडीवर तोल जात होता. तरी एकेक पाऊल मागं, ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं समाधीच्या दिशेनं.

आनंदरावांना काही कळेना. ते धावले.

"अहो काका! पडाल ना! आणि समाधी तिकडं आहे, तुमच्या मागं! पाठ होतेय तुमची!"

काका थांबले. नजर अजून सर्जेरावांवरच होती.

"माझी होतेय, ठाऊक आहे मला."

...

"तुझी झाली का, ते मघापासून मलाच विचारतोयस. ज्याला दिसली त्याला विचार की."