न जळलेलं

“…पण स्वस्तात स्वस्त काय बसेल, वस्ताद? आठ हजारांत?”

दस्तगीर वस्तादांनी बशीतला चहा आधी संपवला. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं गॅरेज नुकतंच उघडलं होतं.

“कशासाठी?”

“गाडी पळायला पाहिजे. पहिल्यापेक्षा जास्त.”

विचारणारा होता इंद्रजित चौगुले. वय सत्तावीस. मोबाईलवर चार व्हिडिओ बघायचे आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं, ही त्याची जुनी खोड. दारात त्यानं टेंपोतून उतरवलेली क्वाड उभी होती. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, टू-स्ट्रोक इंजिन. माळावरच्या शर्यतीची गाडी.

गाडी त्याची नव्हती. थोरल्या भावाची, विश्वजितची, वस्तादांच्या ‘इश्वा’ची होती. आणि विश्वजित तीन वर्षं या दारात फिरकला नव्हता.

“सायलेन्सर कुणी पोकळ केला?” वस्तादांनी विचारलं.

“मीच. आतली जाळी काढून टाकली. आवाज बघा कसला येतोय!”

“आवाज आला, ताकद गेली. रिकाम्या पिपाचं असंच असतंय.”

इंद्रजितचे कान तापले. पण तो हटणाऱ्यातला नव्हता.

“मग हेड घासू? पोर्ट मोठे करू?”

“आधी आतलं काजळ काढ. फुकटात हुतंय.”

“आणि?”

“मागचं साखळीचं चक्कर दोन दात मोठं घाल. चढाला जोर येईल.”

“एवढंच?” तो कुत्सित हसला. “लोक लाख लाख रुपये घालतात, वस्ताद.”

“घालू देत की.”

…

वस्ताद उठले. कोपऱ्यातला एक पाइप घेऊन आले. दोन्ही टोकांना निमुळता, मधे सुटलेलं पोट. त्यांनी स्वतः पत्रा वळवून, जोड मारून केलेला.

“ह्यो घाल. ह्यानं खरा फरक पडंल.”

“या डब्यानं? हा काय करतो?”

“परत आणतो.”

“काय परत आणतो?”

“इंजनातनं जळलेला धूर भाईर पडतो का न्हाई? त्याच्या नादानं थोडं ताजं पेट्रोलबी निसटतंय. न जळताच. ह्यो पाइप त्याला फुडं जाऊ देत न्हाई. मागं ढकलतो, इंजनात. दारं मिटायच्या आत.”

इंद्रजितनं पाइप हातात घेतला. भिंतीवर त्याची नजर गेली. तिथं खिळ्याला दादाचा दहा-अकराचा पाना अजून लटकत होता. त्यावर धूळ नव्हती. कुणीतरी रोज पुसत असणार.

रविवारी सकाळी दादा इथं या स्टुलावर बसायचा, वस्ताद त्याला शिव्या देत शिकवायचे, आणि धाकटा इंद्रा शेजारून भजी आणायचा. मग तिघं माळावर. गाडी चढाला लागली की तिचा आवाज असा काही उठायचा, की अंगावर काटा यायचा. त्या आवाजासाठी इंद्रजित तीन वर्षं झुरत होता. दादा आता मालवणला पर्यटकांच्या बोटींची इंजिनं सांभाळायचा. फोन केला तर ‘बरा आहेस? जेवलास?’ एवढं बोलायचा. गाडीचा विषय निघाला की फोन बंद.

“मला आवाज नको, वस्ताद,” तो एकदम म्हणाला. “मला दादा पाहिजे. गाडी पहिल्यासारखी पळाली, की त्याला व्हिडिओ पाठवणार. तो राहणार नाही. येईल.”



वस्तादांनी फळीवरून एक डबा काढला. डब्यातून फडकं, फडक्यातून पिस्टन. तो त्यांनी इंद्रजितच्या तळहातावर ठेवला.

“वळखलास?”

ओळखायला काय लागतं! तीन वर्षांपूर्वीच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर, दादा सगळ्यांच्या पुढे असताना, इंजिन आवळून जागच्या जागी जाम झालं. दादा हवेत उडाला, खांद्याचं हाड मोडलं. तशाच अवस्थेत, अख्ख्या माळासमोर तो वस्तादांवर ओरडला, “कार्बोरेटरमधनं पेट्रोल कमी सोडलंत! माझी गाडी जाळलीत तुम्ही!” वस्तादांनी मान खाली घातली होती. पुढं गाडी दुरुस्त करून त्यांनी घरी पोचवली, आणि गावानं त्यांना नावं ठेवली.

“पेट्रोल कमी पडून पिस्टन गेला असता, तर डोक्यावर भाजला असता,” वस्ताद म्हणाले. “डोकं बघ.”

डोकं स्वच्छ होतं.

“आता अंग बघ.”

अंगावर चारही बाजूंनी ओरखडे होते. खोल, उभे, कोरडे.

टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलमध्येच कालवायचं असतं. ते विसरलं की पिस्टन कोरडा घासतो. हे या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

…

“तेलाची बाटली संपली होती,” इंद्रजित म्हणाला. “दादा नाव नोंदवायला गेला होता. मला म्हणाला, टाकी भर. मला वाटलं, टाकीत कालचं कालवलेलं थोडं आहे, चालून जाईल. वाटलं, मला कळतंय की सगळं…”

“हूं.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“खोललं तवाच.”

“मग बोलला का नाहीत? सगळ्यांनी तुम्हाला…”

“मला तर इश्वा पारखा झालाच हुता. तुझं नाव घेतलं असतं, तर तुलाबी झाला असता.”

इंद्रजित मटकन स्टुलावर बसला. दादाच्याच स्टुलावर. आणि तीन वर्षांचं रडू त्याला एकदम आलं. वस्तादांनी त्याला रडू दिलं. भिंतीवरचा पाना काढून त्यावरून फडकं फिरवलं, पुन्हा खिळ्याला अडकवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी पिस्टन फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

“मालवणची यष्टी दहाला हाय.”

“आणि गाडी?”

“ऱ्हाऊ दे हितंच. काजळ काढतो, पाइप बसवतो. तेल मी सोता कालवीन.”

इंद्रजित दारापर्यंत गेला. तिथंच थांबला. हातातलं गाठोडं भलतंच जड लागत होतं.

“वस्ताद… हे बघितल्यावर तो माझं तोंडसुद्धा बघणार नाही. जे जळायचं ते जळून गेलं तीन वर्षांपूर्वी. आता काय परत येणार?”

वस्तादांनी पाइप उचलला, उजेडाकडे धरला आणि एका टोकाला डोळा लावून आत बघत राहिले…

“समदं जळलं, हे तुला कुणी सांगितलं?”